आधी काउंटी कॉलेज, मग रटगर्स: हिशेब जमतो का?

एडिसन, न्यू जर्सीहून एका वडिलांनी विचारलंय: मुलाला रटगर्समध्ये (न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ) कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळालाय. स्कॉलरशिप नाही, राहण्या-जेवणासकट वर्षाला साधारण ३५,००० डॉलर खर्च. शिक्षणासाठीच्या करमुक्त बचतीच्या '५२९' खात्यात ८०,००० आहेत. मुलगा म्हणतो, घरी राहून दोन वर्षं काउंटी कॉलेज (जवळचं, दोन वर्षांच्या डिग्रीचं सरकारी कॉलेज) करतो. तिथली फी वर्षाला ६,०००. 'पण दोन वर्षांच्या डिग्रीला किंमत काय?'

एकट्या डिग्रीला, तुमच्या मुलाच्या क्षेत्रात, फारशी नाही. नर्सिंगचं वेगळं, तिथे असोसिएट, म्हणजे या दोन वर्षांच्या, डिग्रीवर आरएनची (नोंदणीकृत नर्सची) परीक्षा देता येते. तुमच्यासाठी ती म्हणजे १२० पैकी पहिले ६० क्रेडिट. डिप्लोमावाले इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातात ना, तसं. इथे थेट तिसऱ्या. शेवटचं सर्टिफिकेट रटगर्सचंच, त्यावर आधीची दोन वर्षं कुठे काढली ते लिहिलेलं नसतं. (पुण्याच्या नातेवाइकांची काळजी मिटली.)

आता पैसे. चार वर्षं रटगर्स म्हणजे १,४०,०००. तुमच्याकडचे वजा जाता ६०,००० कमी पडतात. ते पेरेंट प्लस, म्हणजे पालकांना मिळणाऱ्या केंद्र सरकारच्या, कर्जातून काढायचे, तर २०२५-२६ चा दर ८.९४ टक्के, आणि चार टक्क्यांहून जास्त फी आधीच कापून घेतात. मुलाच्या मार्गाने एकूण ८२,०००. त्यात दोन वर्षांची गाडी आणि अठरा वर्षांच्या पोराचा इन्शुरन्स धरा; न्यू जर्सीत तो स्वस्त नाही. तरी कर्जाची वेळ येत नाही. मी मुलाच्या बाजूने आहे. चांगली स्कॉलरशिप असती तर कदाचित उलट सांगितलं असतं, कारण ती बहुतेक करून पहिल्या वर्षाला येणाऱ्यांनाच मिळते.

पण काउंटी कॉलेजची डिग्री एएस (असोसिएट इन सायन्स) हवी, एएएस (असोसिएट इन अप्लाइड सायन्स) नको. २००७ च्या राज्याच्या कायद्याने एए (असोसिएट इन आर्ट्स) आणि एएसचे क्रेडिट सरकारी विद्यापीठांत धरले जातात. एएएस थेट नोकरीसाठी आखलेली असते, तिला ती हमी नाही. शिवाय हमी क्रेडिटची आहे, हव्या त्या मेजरची (मुख्य विषयाची) नाही. कॅल्क्युलस आणि प्रोग्रामिंगचे विषय 'एनजे ट्रान्सफर' या वेबसाइटवर एकेक करून ताडून घ्या. एक हुकला तर सेमिस्टर वाढतं आणि बचत आटते. मुलगा शाळेत पहिल्या १५ टक्क्यांत असेल तर एनजे स्टार्स या राज्याच्या योजनेचीही चौकशी करा, त्यात काउंटी कॉलेजची ट्यूशन माफ होते.

आणि फी सगळी ५२९ मधून भरू नका. जोडप्याचं उत्पन्न १,६०,००० पर्यंत असेल, तर दरवर्षी ४,००० डॉलर फी खिशातून भरल्यावर करात २,५०० ची सूट मिळते, चार वर्षं. त्याच ४,००० साठी ५२९ वापरलं तर ती जाते. उरलेली फी, पुस्तकं, शिवाय कॉलेजने ठरवलेल्या मर्यादेत घरचा राहण्या-जेवणाचा खर्चही ५२९ मधून चालतो. पावत्या जपून ठेवा.