पोरगी होस्टेलवर रमत नाही, घरी आणू का?

"मॅडम, पोरगी रोज फोनवर रडती. हुशार हाय, पण साताऱ्यात जीव रमंना. घरी आणू का परत?" आटपाडी तालुक्यातल्या एका आईचा हा प्रश्न. प्रवेशानंतरच्या दोन-तीन महिन्यांत असं विचारणारे पालक पुष्कळ भेटतात. मुलगी बीएस्सी पहिल्या वर्षाला, महाविद्यालयाच्याच वसतिगृहात. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

शुक्रवारी शेवटचा तास बुडवून ती एसटी धरायची आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत यायची. मेसचं ताट खोलीत नेऊन एकटीच जेवायची. दिवसाला पाच-सहा फोन.

तिला आधी एक तक्ता भरायला दिला: आठवडाभर दर दोन तासांनी आपण कुठे आहोत, सोबत कोण आहे आणि घरची ओढ शून्य ते दहापैकी किती. प्रॅक्टिकलच्या वेळी आकडा दोन-तीन. संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत आकडा आठ. आणि सर्वांत मोठा आकडा, नऊ, रविवारी संध्याकाळी, तोही स्वतःच्या घरी बसलेली असताना! म्हणजे दर आठवड्याला घरी जाऊन ओढ कमी होत नव्हती, दर रविवारी निरोपाचं दुःख नव्यानं सुरू होत होतं. शिवाय होस्टेलवर ओळखी होतात त्या शनिवार-रविवारीच. कपडे धुताना, एकमेकींच्या डोक्याला तेल लावताना, रविवारी सकाळी अजिंक्यताऱ्यावर चढताना. नेमके तेच दोन दिवस ही तिथे नसायची.

मग ठरलं ते असं. पहिले तीन आठवडे घरी जायचं नाही, त्यानंतर तीन आठवड्यांतून एकदा, आणि परत यायचं ते रविवारी दुपारीच, म्हणजे रात्रीच्या जेवणाला सगळ्यांबरोबर बसता येतं. फोन एकच, रात्री नऊला, वीस मिनिटं. आईनं "करमतंय का?" विचारायचं नाही, "आज कुणाबरोबर जेवलीस?" हे विचारायचं. सुरुवातीचे काही दिवस रडणं वाढतं, आणि बहुतेक घरं तिथेच कच खातात. वडील गाडी घेऊन न्यायला येतात. हे आईला आधीच सांगून ठेवलं होतं.

एवढ्यानं मात्र भागत नाही. रिकाम्या संध्याकाळी मन घराकडेच धावतं, म्हणून रेक्टरबाईंशी बोलून तिला मेस समितीत घेतलं. रविवारचे पोहे तिच्याकडे आले. ऐंशी मुलींना माणशी साठ ग्रॅम, म्हणजे जवळपास पाच किलो. आधी सगळे पोहे एकदम पातेल्यात भिजवत, त्यामुळे तळाचा लगदा व्हायचा. तिनं ते चाळणीत थोडे थोडे धुऊन निथळायला लावले. पोहे मोकळे झाले, आणि "पोहे कुणी केले गं?" असं विचारत मुली तिच्याशी बोलायला लागल्या.

साताऱ्याला हे नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली इथे बोर्डिंग काढलं तेव्हा सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत आणि तिथली कामंही स्वतःच करत. हेतू स्वावलंबनाचा होताच, पण आपल्यावाचून इथलं काहीतरी अडतं ही जाणीव मुलाला त्या जागेचं करते, असं माझं ठाम मत आहे.

दोन महिन्यांनी तिच्या तक्त्यात संध्याकाळचा आकडा चारवर आला. शून्य झाला नाही, व्हायची गरजही नाही.

पण प्रत्येक रडणं घरच्या ओढीचं नसतं. दोन आठवडे झोप किंवा भूक उडाली, वर्गातही मन लागेना, किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलणं निघालं, तर वरचा उपाय करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, आणि मुलीला एकटी ठेवू नका. मोठ्या वर्गातल्या मुली त्रास देत असतील तर रॅगिंगविरोधी हेल्पलाइन 1800-180-5522 आहे. तिथे नाव न सांगताही तक्रार नोंदवता येते.