पुस्तकातले तारे आणि एक 'च'

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी संपली की ही तक्रार माझ्यासारख्या समुपदेशकाकडे हमखास येते: "मॅडम, हौसेने मुंबई दाखवायला नेलं, पण मुलांनी नुसता वैताग आणला. हट्टी झालीत का हो?"

त्यातलंच नाशिकचं एक जोडपं. (ओळखीचे तपशील बदलले आहेत.) मुलगी सहा वर्षांची, मुलगा तीन. आईने पर्समधून गाईडबुकच काढून टेबलावर ठेवलं. एका पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं: गेटवे, घारापुरी, वस्तुसंग्रहालय, राणीची बाग, चौपाटी. सगळं एका दिवसात! घारापुरीला लाँचने जायलाच तासभर लागतो, वर शंभरावर पायऱ्या. धाकट्याने मध्येच बसकण मारली. बाबांनी दंडाला धरून वर नेलं. परतीच्या पंचवटी एक्स्प्रेसमध्ये नवरा-बायको एकमेकांशी बोलले नाहीत.

"ही ठिकाणं कुणी ठरवली?"

"पुस्तकात तारे दिलेत ना. पाहिलीच पाहिजेत."

'असं झालंच पाहिजे' हा हट्टच माणसाला त्रास देतो, असं सांगणाऱ्या अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने जाणारी मी. असा 'च' माझ्या कानाला लगेच टोचतो. "हा 'च' पुस्तकाचा, की तुमचा?" असं विचारलं, तर बाबाच म्हणाले, "वर्षातून एकदा जातो. पैसे वसूल नकोत व्हायला?" प्रामाणिक उत्तर होतं. त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

तिसऱ्या भेटीत मी आईंना त्यांच्या लहानपणच्या मुंबईबद्दल विचारलं. त्या खुलल्या. कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट, त्याच्या वरच्या खिडकीतून खाली बाबांना मारलेली हाक, हातातला शेंगदाण्याचा पुडा.

"आणि गेटवे?"

"गेलो असणार. फोटो आहे."

म्हणाल्या, हसल्या, आणि एकदम डोळे भरून आले. "म्हणजे मी पोरांना फोटोसाठीच फरफटत नेलं?"

मी थोडा वेळ काहीच बोलले नाही. एवढं गप्प बसायला शिकण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. मग म्हटलं, "चुकता कामाच नये, हाही 'च'च आहे. तोही सोडा."

अशा पालकांना मी पुस्तक फेकून द्यायला सांगत नाही. सुट्टीचा वार, अंतर, वेळ यासाठी ते हवंच. घारापुरी सोमवारी बंद, राणीची बाग बुधवारी. दारापर्यंत जाऊन परतलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. पण अर्ध्या दिवसाला एकच ठिकाण ठेवा, दुपारची झोप मोडू नका आणि तारे मोजण्याआधी चित्रं मुलांपुढे धरा.

पुढच्या वेळी मुलीलाही बोलावलं. तिने पानं उलटली आणि बोट ठेवलं ते हत्तीवर. शेजारच्या बारीक टाइपातल्या ओळी आईने कधी वाचल्याच नव्हत्या. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा नाव दिलं, तो आता बेटावर नाहीच. 1864 मध्ये इंग्लंडला न्यायला उचलताना तो फुटला. पुढे तुकडे जोडून भायखळ्याला उभा केला. आज तो राणीच्या बागेलगत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. ना लाँच, ना पायऱ्या!

महिन्याभराने फोन आला. हत्ती पाहिला, पेंग्विन पाहिले, दीड वाजता जेवण. धाकटा बाबांच्या खांद्यावर झोपला होता. मुलीने हत्तीभोवती फेरी मारली आणि विचारलं, "आई, याला बँडेज कुणी केलं गं?"