वाचक विचारतात : किल्ली रक्तात, कुलूप परग्रहाचं

प्रश्न : ‘स्टारगेट अटलांटिस’ मालिकेत एक जनुक अंगात असल्याशिवाय एन्शंट या प्राचीन, अतिप्रगत जमातीची यंत्रं चालत नाहीत. ते असलं की यंत्र आपोआप चालवता येतं का? (नाशिक)

उत्तर : नाही. जनुक ही किल्ली आहे, गाडी चालवण्याचं लायसन्स नव्हे. २००४ साली आलेल्या पहिल्याच भागात मोहिमेतला डॉक्टर बेकेट त्याचं काम सांगतो. हे जनुक कायम चालू असतं, त्याच्या हुकमाने पेशी काही प्रथिनं आणि विकरं बनवतात, आणि त्यांचा परिणाम त्वचा, मज्जासंस्था व मेंदूपर्यंत पोचतो. यंत्राला ही खूण पटली की ते जागं होतं. पुढचं काम मनाचं.

अंटार्क्टिकात सापडलेल्या, मनाने चालणाऱ्या एन्शंट खुर्चीचा प्रसंग पुन्हा बघा. बेकेटकडे जनुक जन्मजात आहे, तरी त्याच्या हातून नको असताना एक ड्रोन, म्हणजे उडतं अस्त्र, सुटतो आणि जनरल ओ’नील व वैमानिक शेपर्डच्या हेलिकॉप्टरमागे लागतो. नंतर शेपर्ड सहज म्हणून त्याच खुर्चीत टेकतो, तर खुर्ची उजळते, मागे कलते. आपण सूर्यमालेत कुठे आहोत याचा विचार करायला सांगताच डोक्यावर अख्खी सूर्यमाला तरंगू लागते. किल्ली दोघांकडे, पण एकालाच ती फिरवता येते. बंद करणं तर आणखी वेगळं. उपचाराने जनुक मिळवलेला शास्त्रज्ञ मॅके अंगरक्षक कवच चालू करतो आणि मग ते उतरतच नाही, खाणंपिणंही अडतं.

प्रश्न : एन्शंट १०,००० वर्षांपूर्वी पृथ्वीवर परतून माणसांत मिसळले म्हणतात. इतक्या पिढ्यांत जनुक पातळ झालं नाही का? (सोलापूर)

उत्तर : जनुक म्हणजे दूध नव्हे, पाणी पडलं की पातळ व्हायला. मिळालं तर अख्खं, नाहीतर नाहीच. आई किंवा वडिलांकडे एकच प्रत असेल, तर प्रत्येक मुलाला ती मिळण्याची शक्यता निम्मी. एकाच वंशरेषेत १० पिढ्यांनी ती १,०२४ मध्ये १ उरते, आणि पिढी २५ वर्षांची धरली तर मालिकेतल्या काळात ४०० पिढ्या बसतात. पण वंश एका रेषेत जात नाही, त्याला फांद्या फुटतात. बऱ्याच फांद्या कोरड्या पडतात, काहींत प्रत टिकते. त्यामुळे जनुक दुर्मीळ असणं आणि ते एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांत सापडणं, दोन्ही पटतं. ‘शुद्ध रक्ताचा शेवटचा वारस’ मात्र कथेत आणू नका. आनुवंशिकतेत त्याला आधार नाही.

प्रश्न : माझ्या कथेत नायिकेला उंदराच्या विषाणूतून असं जनुक टोचतात आणि तासाभरात यान सुरू होतं. काय चुकतंय? (ठाणे)

उत्तर : विषाणूची निवड आणि घड्याळ.

उंदरांचा रेट्रोव्हायरस (आपलं जनुक पेशीच्या डीएनएत घुसवणारा विषाणू) खऱ्या उपचारांतही वापरला गेला. १४ सप्टेंबर १९९० रोजी अमेरिकेत चार वर्षांच्या एका मुलीवर जनुक-उपचाराचा पहिला अधिकृत प्रयोग झाला, तो असाच. पण तिथे विषाणू अंगात टोचला नव्हता. रक्त काढायचं, पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, विषाणूबरोबर वाढवायच्या, धुऊन-तपासून सलाइनने परत द्यायच्या, अशी ती रीत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या, २०२३ साली मान्यता मिळालेल्या ‘नेक्सकार१९’ या कर्करोग उपचाराचा क्रमही साधारण हाच आहे, फक्त जनुक वाहून नेणारा विषाणू वेगळा, लेंटिव्हायरस.

तुमची खरी अडचण मेंदूत आहे. हा उंदरांचा विषाणू पेशी विभागली जात असतानाच केंद्रकात शिरू शकतो, आणि प्रौढ मेंदूतल्या चेतापेशी विभागल्या जात नाहीत. म्हणजे जनुक रक्तात पोचेल, यंत्राला हवं तिथे नाही. शिवाय तो गुणसूत्रात कुठेही घुसतो. फ्रान्समध्ये प्रतिकारशक्तीच नसलेल्या मुलांवर केलेल्या उपचारात तो एका घातक जनुकाशेजारी बसला आणि काहींना ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झाला. कथेत संकट हवं असेल तर हे आयतं आहे.

त्यापेक्षा एएव्ही-९ हा वाहक विषाणू घ्या. शिरेतून दिला तरी तो मेंदूपर्यंत पोचू शकतो. लहान बाळांच्या, चेतापेशी मरून स्नायू दुबळे करणाऱ्या आजारावरचं ‘झोलजेन्स्मा’ यावरच बेतलेलं आहे. मर्यादा दोन. आत जेमतेम ४,७०० अक्षरांचा डीएनए मावतो, तेव्हा जनुक आटोपशीर ठेवा. आणि बऱ्याच लोकांच्या रक्तात या कुळातल्या विषाणूंविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) आधीपासून असतात, त्यांच्यात उपचार वाया जातो. मालिकेत बेकेटचा उपचार ४८ टक्के लोकांनाच लागू पडतो. तुमच्या कथेत तसा आकडा द्यायचा असेल, तर अपयशाचं हे कारण चपखल बसेल.

घड्याळाचं म्हणाल तर तासाऐवजी आठवडे लिहा. पेशीत जनुक पोचून पुरेसं प्रथिन तयार व्हायला तेवढा वेळ लागतोच. मधल्या दिवसांत यान अर्धवट प्रतिसाद देतंय, एखादाच दिवा लागतोय, असं दाखवता येईल.

प्रश्न : मग हे जनुक नायिकेच्या बाळाला मिळेल? (ठाणे, त्याच पत्रातून)

उत्तर : नाही. बीजपेशींना (स्त्रीबीज बनवणाऱ्या पेशींना) हात लागलेला नाही, त्यामुळे बाळाला वेगळं टोचावं लागेल. तेही लगेच नको. उपचारानंतर नायिकेच्या रक्तात त्या विषाणूविरुद्ध भरपूर प्रतिपिंडं तयार झालेली असतील आणि ती वारेतून बाळाकडे जातात. ती ओसरायला काही महिने जाऊ द्या. तोवर यान आईलाच ओळखेल.