नाशिकमध्ये नवीन आहे, ओळखी नाहीत. स्वयंसेवी कामाला सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की नोकरीनिमित्त इंदिरानगरला येऊन आठ महिने झाले, तरी गाव परकंच वाटतं, आणि सुट्टीच्या दिवशी हातून काहीतरी चांगलं व्हावं असं वाटतं. मलाही इथलं व्हायला वेळ लागला होता, म्हणून सविस्तर लिहिते.

मी १९८३ साली लग्न होऊन रविवार कारंजाजवळच्या एका वाड्यात आले. आदल्याच वर्षी नाशिकची महानगरपालिका झाली होती, पण सासूबाई शेवटपर्यंत जुन्या नाशिकला ‘गाव’च म्हणायच्या आणि गोदावरीला ‘गंगा’. आम्हीही तेच म्हणतो. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की इशाऱ्याच्या भोंग्याआधी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे लक्ष जातं. पाणी त्याच्या कमरेपर्यंत चढलं की भांडी बाजार, सराफ बाजारातले दुकानदार माल वर हलवायला लागतात.

२००८ च्या पुरात मारुती दिसेनासा झाला. पाणी ओसरल्यावर दुकानांत, घरांत गाळच गाळ. तो ओला असतानाच काढावा लागतो, वाळला की फरशी सोडत नाही. मी आणि आमचे हे घमेलं, खराटा घेऊन ओळखीच्या एका दुकानात गेलो आणि तिथून शेजारच्या दुकानात, तिथून पुढच्या. तिसऱ्या दिवशी एका अनोळखी आजीबाईंनी मला नावानं हाक मारून चहाला बसवलं. पंचवीस वर्षं मी या गावात राहत होते. गावाची झाले ती त्या दिवशी.

गाळ काढणाऱ्यांतलेच आम्ही काही जण पुढे विसर्जनाला घाटावर उभे राहायला लागलो. मूर्ती नदीत न सोडता दान करा, असं लोकांना सांगायचं. पहिल्या वर्षी मी प्रदूषणावर भाषणं दिली. लोक ऐकून घ्यायचे आणि मूर्ती पाण्यातच सोडायचे. त्यांचं चुकत नव्हतं. दहा दिवस घरात बसवलेला देव अनोळखी बाईच्या हातात द्यायचा, तर तो नीट सांभाळला जाईल हा विश्वास आधी हवा. आता आम्ही पाट मांडतो, आरतीला त्यांच्यासोबत उभे राहतो, मूर्तीला पाण्यात तीनदा बुडवून काढू देतो आणि मग दोन्ही हातांनी घेतो. एखादं लेकरू रडतं, तेव्हा त्याच्याच हातून मूर्ती पाटावर ठेवून घेतो. नाही म्हणणारे अजूनही असतात. त्यांच्याशी वाद घालायचा नाही, निदान निर्माल्य मागून घ्यायचं.

निर्माल्याचं काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, म्हणून तिथे माणसं कायम कमी पडतात. फुलं-पत्री खताला जाते, पण आधी त्यातून प्लास्टिक, थर्माकोल, जरीचे दोरे, फोटोंच्या काचा वेगळ्या काढाव्या लागतात. प्लास्टरची मूर्ती घरी विरघळवायची तर बादलीत अमोनियम बायकार्बोनेट वापरतात. हेही तिथेच उभं राहून समजावता येतं. अर्थात शाडूची मूर्ती आणली तर प्रश्नच उरत नाही.

आणखी कामं हवी असतील तर सातपूरजवळ फाशीच्या डोंगरावर लोकांनी २०१५ पासून देशी झाडांची देवराई उभी केली आहे. आणि मे महिन्यात संध्याकाळी यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमालेला नुसतं ऐकायला जाऊन बसा, ओळखी तिथेही होतात.

पण एकदम चार ठिकाणी नाव देऊ नका, हे मी कळकळीनं सांगते. एकच जागा धरा आणि तिथे वारंवार दिसा. दर वर्षी उत्साहानं येऊन दोन तासांत निघून जाणारी मुलं मी पुष्कळ पाहिली. वाईट वाटतं, कारण त्यांना शिकवण्यात आमची दुपार गेलेली असते.

अनंत चतुर्दशीला दुपारी तीनच्या सुमारास गाडगे महाराज पुलाकडून घाटावर उतरा. निर्माल्याच्या ढिगाशी ज्या बायका बसलेल्या दिसतील त्यांना विचारा. रबरी हातमोजे आणा, जुने कपडे घाला. डबा आणू नका, तो आमच्याकडे असतो.