नागपुरातल्या घरात एक बेडरूम रिकामी आहे. तिचा चांगला उपयोग कसा करावा?

मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली, मानेवाड्याच्या फ्लॅटमधली तिची खोली वर्षभर बंद आहे, आणि ती भाड्याने द्यावी, ऑफिस करावं की पाहुण्यांसाठी ठेवावी हे ठरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. तुमचा पत्ता वाचूनच मला सुचलं ते सांगते. गावाकडून दवाखान्यासाठी नागपूरला येणाऱ्या आपल्या माणसांसाठी ती खोली तयार करा. मधल्या दिवसांत तिथे तुमचं काम चालू द्या.

आमचा मुलगा बंगळुरूला गेल्यावर त्याच्या खोलीचंही असंच झालं होतं. आधी त्याची पुस्तकं, मग जुना मिक्सर, दिवाळीच्या माळा, लग्नात आलेली भांडी, वर्षाचा गहू. दोन वर्षांत आत पाऊल टाकायला जागा उरली नाही. अशात ब्रह्मपुरीहून मावशीचा फोन आला. मावसाजींच्या घशाला कॅन्सर निघाला होता आणि रेडिएशन, ज्याला गावाकडे शेक म्हणतात, ते नागपुरात घ्यायचं होतं. आम्हाला वाटलं, येतील, चार दिवस राहतील. पण शेक तसा नसतो. आठवड्यातले पाच दिवस रोज जावं लागतं, मशीनवर मोजकी मिनिटं लागतात, आणि हे पाच ते सात आठवडे चालतं. रोज ब्रह्मपुरीहून ये-जा करणं आजारी माणसाला झेपत नाही.

पहिला आठवडा ते दोघं हॉलमध्ये झोपले. घरात येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांच्या अंगावरून जायचा. तिसऱ्या आठवड्यापासून मानेची कातडी काळी पडली, गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. एका दुपारी पाहिलं तर मावसाजी भिंतीकडे तोंड करून वाटीतली पातळ पेज चमच्या-चमच्याने घेत होते, कारण समोर सोफ्यावर शेजारच्या बाई बसल्या होत्या. मला फार लागलं ते. एवढं मोठं घर आणि या माणसाला जेवायला आडोसा नाही, आणि बंद दारामागे मिक्सर आणि माळा आरामात पडलेल्या. त्या रविवारी आम्ही खोली रिकामी केली. गहू स्वयंपाकघरात आला, बाकीचं बरंच वाटून टाकलं.

आपल्याकडे मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, मिहानमधलं एम्स, तुकडोजी पुतळ्याजवळचं कॅन्सर हॉस्पिटल आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, पलीकडे छिंदवाडा-बालाघाटपर्यंतची माणसं इथे येतात. तुमच्या नात्यातलंही कोणी ना कोणी येणारच, आणि मानेवाड्याहून मेडिकल आणि तुकडोजी पुतळा दोन्ही जवळ आहेत.

आता खोलीचं. सगळ्यात आधी उन्हाळा बघा. नवतप्यात, म्हणजे मेअखेरीच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पश्चिमेची भिंत रात्री अकरालाही हाताला गरम लागते, म्हणून पलंगाचं डोकं त्या भिंतीला लावू नका. कूलर खिडकीत बसवला तर समोरचं दार किंवा दुसरी खिडकी थोडी उघडी राहू द्या. आतली हवा बाहेर गेली नाही तर खोली नुसती दमट होते आणि आजारी माणूस जास्तच कासावीस होतो. कूलरचा झोत सरळ पलंगावर नको. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून कोरडी करा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे हा नेम चुकवू नका. पावसाळ्यात कूलरचा उपयोग नाही, तेव्हा पंखाच बरा.

पलंगाची उंची गादीसकट गुडघ्याएवढी ठेवा. खाली टाकलेल्या गादीवरून मावसाजींना उठता येत नव्हतं, मावशी काखेत हात घालून उठवायची. आम्ही सुताराकडून पलंगाच्या पायांखाली लाकडी ठोकळे बसवून घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः उठू लागले. उशाशी हात पोचेल असा प्लग, एक मंद दिवा, औषधांसाठी छोटं टेबल आणि रिपोर्टची पिशवी अडकवायला खुंटी. बाजूला सोबतच्या माणसाला झोपायला घडीची खाट. बाथरूममध्ये कमोडजवळ भिंतीत पक्का धरायचा दांडा, आणि बाहेरूनही उघडता येईल अशी कडी. ही कडी विसरू नका, आत कोणी पडलं तर दार तोडावं लागतं.

मधल्या दिवसांत त्याच टेबलावर मी शिकवण्या घेते, आधी त्या डायनिंग टेबलवर चालायच्या. तुम्हाला घरून काम असेल तर तिथेच करा. सामान फक्त एका कपाटात, कपाटाबाहेर एकही वस्तू नाही, हा नियम मात्र घरात सगळ्यांकडून पाळून घ्या. मुलीचं एक खण तिच्या नावाने राहू द्या. ती सुटीत येईल तेव्हा तिला परक्या खोलीत आल्यासारखं वाटायला नको.

भाड्याचं म्हणाल तर खोलीला स्वतंत्र दार आणि स्वतंत्र बाथरूम असेल तरच विचार करा. एकाच दारातून आणि एकाच बाथरूमवर परक्या मुलांसोबत राहणं वर्षभर निभत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. द्यायचीच झाली तर तोंडी बोलीवर देऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यातही द्या.

मावसाजी आता वर्षातून दोनदा तपासणीला येतात आणि पिशवी थेट त्या खुंटीला अडकवतात. तुमच्या खोलीची खिडकी कुठल्या दिशेला आहे आणि बाथरूम खोलीतच आहे का, तेवढं कळवा. पलंग आणि कूलर कुठे लावायचा ते मग नेमकं सांगते.