पार्किंग कंपनीचं कोर्टाच्या इशाऱ्याचं पत्र आलंय, नवे नियम येईपर्यंत थांबू का?

ताई, तुमचं पत्र बरंच मोठं आहे, बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. गाडी तुमच्या नावावर. ७ जून २०२५, शनिवार, इंग्लंडमधल्या रेडिंगजवळच्या एका रिटेल पार्कमध्ये तुमचे दीर ती घेऊन गेले, तिथे २ तास फ्री, आणि नंबरप्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्यात आत-बाहेरचा वेळ निघाला २ तास २४ मिनिटं. काचेवर काही लावलेलं नव्हतं, पोस्टाने नोटीस आली, तिच्यावर तारीख २० जून, १०० पौंड भरा, १४ दिवसांत भरलेत तर ६०. ग्रुपवर सगळे म्हणाले प्रायव्हेट आहे, फेकून दे. तुम्ही फेकली नाही, पण उत्तरही दिलं नाही. मग वसुलीवाल्यांची लालभडक पत्रं, रक्कम १७०, आणि आता सॉलिसिटरच्या लेटरहेडवर "३० दिवसांत उत्तर द्या, नाहीतर दावा". तुम्ही विचारताय की पार्किंग कंपन्यांवर कडक नियम आणा म्हणून एवढी सह्यांची मोहीम चाललीये, आपण पण सही केलीये, तर तो कायदा येईपर्यंत थांबावं का, की १७० भरून सुटावं. शिवाय पुढच्या वर्षी आयएलआरचा, म्हणजे इथे कायम राहायच्या परवानगीचा, अर्ज आहे आणि महिनाभरात घर बदलायचंय.

थांबू नका. आणि भरूही नका, निदान आत्ता लगेच तरी.

आधी त्या नव्या नियमांचं बघू, कारण त्यावर विसंबून गप्प बसलेले लोक माझ्याकडे बरेच येतात. कायदा खरं तर आलेलाच आहे, पार्किंग (कोड ऑफ प्रॅक्टिस) ॲक्ट २०१९, खासदार सर ग्रेग नाइट यांनी मांडलेलं बिल, मार्च २०१९ मध्ये मंजूर झालं. कल्पना साधी होती, सरकार एक कोड, म्हणजे नियमावली, बनवेल आणि जी कंपनी तो पाळणार नाही तिला डीव्हीएलएकडून, म्हणजे गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडून, गाडीमालकाचं नाव-पत्ता मिळणार नाही, म्हणजे नोटीस पाठवायला पत्ताच नाही, धंदा बंद. तो कोड फेब्रुवारी २०२२ मध्ये छापूनही आला, त्यात लंडनबाहेर बहुतेक चार्ज ५० पौंडांवर आणायचे होते आणि हे जे वसुलीचे म्हणून वरचे ७० लावतात ते सरळ बंद करायचे होते. तेव्हाच्या मंत्र्यांनी तर या कंपन्या लोकांकडून पैसे उकळतात अशा भाषेत लिहिलं होतं. मग कंपन्या कोर्टात गेल्या आणि त्याच वर्षी जूनमध्ये सरकारने कोड मागे घेतला. जुलै २०२५ मध्ये परत लोकांची मतं मागवली. दरम्यान बीपीए आणि आयपीसी या कंपन्यांच्याच दोन संघटनांनी मिळून ऑक्टोबर २०२४ पासून स्वतःचा एक कोड आणला. म्हणजे नियम त्यांचे, अपील ऐकणाऱ्या संस्थाही त्यांच्याच पैशावर चालणाऱ्या. डीव्हीएलए एका पत्त्याचे अडीच पौंड घेतं, आणि २०२४-२५ या एका वर्षात असे पत्ते १ कोटी ४० लाखांहून जास्त वेळा दिले गेलेत, त्यामुळे लोक का चिडलेत ते मला पूर्ण कळतं आणि सह्या करणाऱ्यांच्या बाजूने मी पण आहे.

पण ताई, उद्या सरकारी कोड लागू झाला तरी तो ७ जूनला उभ्या केलेल्या गाडीला लागू होईल असं समजून चालू नका. तुमची केस त्या दिवशीच्या कायद्यावर चालणार. आणि गंमत म्हणजे तो जुना कायदाच तुमच्या कामाचा आहे.

प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट २०१२, शेड्यूल ४. याआधी प्रायव्हेट जागेत गाडीला क्लॅम्प लावायचे, ते या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये बंद केलं आणि बदल्यात कंपन्यांना एक सोय दिली. पार्किंगचा करार होतो तो ड्रायव्हरशी, पण ड्रायव्हर कोण ते कंपनीला माहीत नसेल तर ठरावीक अटी पाळून ती गाडीच्या कीपरकडून, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडून, इथे तुमच्याकडून, पैसे मागू शकते. अटी पाळून, हे महत्त्वाचं. काचेवर नोटीस नसेल आणि सगळं कॅमेऱ्यावरच चाललं असेल तर पार्किंगच्या दुसऱ्या दिवसापासून १४ दिवसांच्या आत नोटीस कीपरला पोचलेली हवी. नुसती छापलेली किंवा पाठवलेली चालत नाही. तुमचे १४ दिवस ८ जूनला सुरू झाले आणि २१ जूनला संपले. नोटिशीवर तारीख २० जून म्हणून तुम्ही लिहिलंत की "एक दिवस आधी आली म्हणजे त्यांचं बरोबरच आहे ना". नाही. कायदा धरून चालतो की पोस्ट केल्यावर दुसऱ्या कामाच्या दिवशी पत्र पोचतं. २० जूनला शुक्रवार होता, मग शनिवार-रविवार सोडून सोमवार पहिला आणि मंगळवार २४ जून दुसरा. पत्र त्याआधी पोचलं हे दाखवायचं असेल तर ते त्यांनी सिद्ध करावं. म्हणजे कीपर म्हणून तुम्हाला धरायचा त्यांचा हक्क तारखेवरच गेला. नोटीस जपून ठेवा, पाकीट असेल तर तेही.

आता राहिला ड्रायव्हर. तुम्ही कुणालाही काही लिहिलेलं नाही, त्यामुळे गाडी कोण चालवत होतं ते त्यांना माहीत नाही. लोक अपिलात सर्रास "मी गाडी लावली आणि..." असं लिहून मोकळे होतात आणि तिथेच खेळ संपतो. गाडी कीपरच चालवत असणार असं नुसतं गृहीत धरता येत नाही, २०२३ मध्ये एका अपिलात सर्किट जजनी हेच म्हटलंय, खालच्या कोर्टावर ते बंधनकारक नाही पण वजन आहे. आणि नाव सांगायचं बंधनही नाही. स्पीडिंगच्या नोटिशीत पोलीस विचारतात तेव्हा ड्रायव्हरचं नाव द्यावंच लागतं, लोक ते आणि हे एकत्र करतात. पार्किंग कंपनी म्हणजे पोलीस नव्हे. मात्र खोटं एक अक्षर लिहायचं नाही. कोर्टाच्या कागदावर खरं असल्याची सही असते, तिथे खोटं पकडलं गेलं तर प्रकरण १७० पौंडांचं राहत नाही. "मी कीपर आहे, त्या दिवशी मी गाडी चालवत नव्हते, तुमची नोटीस शेड्यूल ४ च्या मुदतीत पोचलेली नाही त्यामुळे माझ्यावर जबाबदारी येत नाही", हे सगळं खरं आहे आणि एवढं पुरतं. सुनावणीत जजनी थेट विचारलंच कोण चालवत होतं, तर खरं सांगायचं, मग कंपनी दिरांच्या मागे जाऊ शकते, करारासाठी मुदत ६ वर्षं आहे. ते तेव्हा भारतातून आलेले होते म्हणता, तर त्यांचं नाव इन्शुरन्समध्ये होतं ना ते मात्र बघून घ्या, नसेल तर तो मुद्दा या पार्किंगपेक्षा फार मोठा आहे आणि पुढच्या वेळी कुणाच्या हातात किल्ली द्यायच्या आधी विचार करा.

तुमचे बाकीचे मुद्दे एवढे चालणार नाहीत. २४ मिनिटांनी त्यांचं काय नुकसान झालं, १०० पौंड कसले, हे सगळ्यांनाच वाटतं, मला पण वाटतं, पण सुप्रीम कोर्टाने ४ नोव्हेंबर २०१५ ला पार्किंगआय विरुद्ध बेव्हिस केसमध्ये हे दार लावून टाकलं. चेम्सफर्डचं रिटेल पार्क, तिथे पण २ तास फ्री, ५६ मिनिटं जास्त, ८५ पौंड, आणि कोर्ट म्हणालं जागा खेळती ठेवण्यात कंपनीचं रास्त हित आहे, बोर्ड मोठे आणि स्पष्ट आहेत, चार्ज योग्य. एक जज विरोधात होते, बाकी सहा बाजूने. त्यामुळे "हे कायद्याने वसूलच करता येत नाही" हे ग्रुपवरचं ज्ञान दहा वर्षं जुनं आहे. वेळेच्या बाबतीत एवढंच म्हणता येईल की कॅमेरा गेटवरचा वेळ मोजतो, पार्किंगचा नाही, निघताना १० मिनिटं सवलत त्यांच्याच कोडमध्ये आहे, आणि शनिवारी बाहेर पडायला रांग होती. तरी काही मिनिटं उरतातच. हा मुद्दा दुसऱ्या नंबरवर ठेवा. बोर्डांचे फोटो मात्र काढून आणा, अक्षर बारीक असेल किंवा झाडामागे असेल तर उपयोग होतो. आणि तिथल्या दुकानाच्या मॅनेजरला त्या दिवशीची पावती दाखवून चार्ज रद्द करायला सांगा. इतक्या उशिरा होईल की नाही माहीत नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत, सुरुवातीलाच केलं असतंत तर बहुतेक तिथेच मिटलं असतं. पॉप्ला या अपील ऐकणाऱ्या संस्थेकडचं फ्री अपील तर गेलंच, कारण त्यासाठी आधी कंपनीकडे २८ दिवसांत अपील करून त्यांचा नकार हातात असावा लागतो.

तर आता काय करायचं. वसुलीवाल्यांची पत्रं बाजूला ठेवा, ते बेलिफ, म्हणजे कोर्टाच्या हुकुमाने जप्ती करणारे, नाहीत, कोर्टाचा निकाल नसताना तुमच्या दारातून एक खुर्ची सुद्धा नेऊ शकत नाहीत. सॉलिसिटरचं पत्र मात्र वेगळं, त्याला ३० दिवसांच्या आत उत्तर द्यायचं, वर लिहिलं तेवढंच मुद्द्याचं, आणि सोबत मूळ नोटिशीची कॉपी, पोस्ट केल्याचा पुरावा, बोर्डांचे फोटो, जागामालकाशी असलेला त्यांचा करार आणि ते ७० पौंड कसले याचा हिशोब मागायचा. ईमेलने पाठवा आणि कॉपी ठेवा. बऱ्याच केसेस इथेच थंड पडतात, सगळ्या नाही.

माझ्या मते तुमचा खरा धोका घर बदलण्यात आहे. कोर्टाचा क्लेम फॉर्म जुन्या पत्त्यावर गेला, तुम्हाला कळलंच नाही, उत्तर गेलं नाही, की तुमच्या गैरहजेरीत सीसीजे, म्हणजे पैसे भरा असा काउंटी कोर्टाचा निकाल, लागतो, केस कितीही भक्कम असली तरी. तो रेकॉर्डवर ६ वर्षं राहतो आणि मॉर्गेज मागायला गेलात की समोर येतो. म्हणून त्या सॉलिसिटरला आणि कंपनीला दोघांनाही नवीन पत्ता लेखी कळवा, डीव्हीएलएच्या लॉगबुकवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, बदला (ते न बदलल्याचा दंड १,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो, ते वेगळंच), आणि रॉयल मेलचं रिडायरेक्शन चालू करा. लॉगबुक बदललं म्हणजे कंपनीला आपोआप कळतं असं नाही, ते पत्ता एकदाच घेतात.

क्लेम फॉर्म आलाच तर त्याचा धसका घेऊ नका. सर्व्हिस झाल्यापासून, म्हणजे फॉर्म तुम्हाला पोचला असं धरलं जातं त्या दिवसापासून, १४ दिवसांत मिळाल्याचं ऑनलाइन ॲकनॉलेज करा, म्हणजे डिफेन्स द्यायला एकूण २८ दिवस मिळतात. मग फोनवर एक तासाचं फ्री मेडिएशन होईल, तिथे हजर राहावं लागतं, तडजोड मात्र करावीच लागते असं नाही. अगदी हरलात तरी स्मॉल क्लेम, म्हणजे छोट्या रकमेचा दावा, आहे, १७० वर कोर्ट फी ३५, वकिलाचे ठरलेले ५०, सुनावणीचे २७ आणि थोडं व्याज, म्हणजे तीनशेच्या आत-बाहेर, आणि ते ७० तर जज बऱ्याचदा कापतात. निकालानंतर महिन्याच्या आत भरलेत तर सीसीजे रजिस्टरवरून निघून जातो.

आयएलआरचं म्हणाल तर पार्किंग चार्ज हा गुन्हा नाही, सरकारी दंडही नाही, नुसती नोटीस आली म्हणून अर्जावर काही होत नाही. होम ऑफिसच्या, म्हणजे व्हिसा बघणाऱ्या सरकारी खात्याच्या, फॉर्ममध्ये सिव्हिल जजमेंटबद्दल प्रश्न असतो, त्यामुळे सीसीजे लागला तर तो लिहावा लागेल, आणि लपवणं हे सीसीजेपेक्षा वाईट. तोवर यातलं काही नाही. पत्राला उत्तर याच आठवड्यात पाठवा, आणि पाठवायच्या आधी नोटिशीच्या दोन्ही बाजूंचा फोटो मला पाठवा, मागच्या बारीक अक्षरात त्यांनी शेड्यूल ४ चा आधार घेतलाय की नाही ते मला बघायचंय.