न पचणारा चोथा आणि हृदय

प्रिय सई,

धान्याचा कोंडा आणि कडधान्याचे साल टाकू नये, अशी आपल्या मराठी घरांतली शिकवण. आणि त्यांतला चोथा (तंतुमय भाग, म्हणजे फायबर) मुळी पचतच नाही, असे तू इथल्या शाळेच्या पुस्तकात वाचलेस. ‘जे पचत नाही ते खायचे कशाला, आणि त्याने हृदयाचे काय भले होणार?’ हा तुझा प्रश्न जेवता जेवता उत्तर देऊन संपण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पुस्तकातले विधान खरे आहे, पण अपुरे आहे. चोथा फोडणारी विकरे (एन्झाइम) आपल्या लहान आतड्यात नसल्यामुळे तो बव्हंशी तसाच मोठ्या आतड्यात पोहोचतो. परंतु त्या वाटेवरच त्याचे पहिले काम होऊन जाते. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते आणि चरबी पचवून झाली की त्यांपैकी सुमारे ९५ टक्के पित्ताम्ले आतड्यातून पुन्हा शोषली जाऊन यकृताकडे परत येतात. ओट आणि बार्लीतले बीटा-ग्लुकान किंवा फळांतले पेक्टिन अशा प्रकारचा चोथा पाण्यात विरघळून दाट व चिकट होतो, त्यात काही पित्ताम्ले अडकतात आणि मलावाटे बाहेर पडतात. ही तूट भरून काढण्यासाठी यकृताला नवी पित्ताम्ले बनवावी लागतात, त्यासाठी ते रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉल अधिक प्रमाणात ओढून घेते, आणि धमन्यांच्या भिंतींत साठणारे हेच कोलेस्टेरॉल असल्यामुळे ते कमी होणे हृदयाच्या हिताचे ठरते. रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकान पोटात गेल्यास हा परिणाम मोजता येतो. १९९७ पासून अमेरिकेत ओटच्या वेष्टनावर तसे छापण्याची परवानगी आहे. घट मात्र काही टक्क्यांचीच असते, त्यामुळे औषधाची जागा चोथा घेऊ शकत नाही. (वेष्टनावरचा तो मजकूर वाचताना डब्यात साखर किती आहे हेही पाहत जा.)

दुसरे काम मोठ्या आतड्यात होते, आणि ते आपण करतच नाही. तिथे राहणाऱ्या जिवाणूंजवळ आपल्याकडे नसलेली शेकडो विकरे असतात. ते चोथा आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही लहान साखळीची मेदाम्ले तयार होतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे; म्हणजे आपल्या शरीराचा एक भाग जिवाणूंनी शिजवलेल्या अन्नावर जगतो. चोथा मिळाला नाही तर काय होते, हे २०१६ साली उंदरांवर केलेल्या एका प्रयोगात दिसले: उपाशी राहिलेले जिवाणू आतड्याच्या भिंतीवरचा श्लेष्माचा थरच खाऊ लागले, तो पातळ झाला आणि रोगजंतूंना आत शिरणे सोपे गेले. उंदरांत आढळले ते माणसात तसेच घडेल असे गृहीत धरू नये, पण दिशा कळते.

या जिवाणूंचा हृदयाशी असलेला संबंध अजून पूर्ण उलगडलेला नाही. ही मेदाम्ले दाह आणि रक्तदाब यांवर परिणाम करतात असे बरेच पुरावे सुचवतात. तरीही ‘चोथा खा, जिवाणू सुधारतील, हृदयविकार टळेल’ असे सरळ सूत्र मांडणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही. गव्हाचा कोंडा पाण्यात फारसा विरघळत नाही आणि कोलेस्टेरॉलही फारसे कमी करत नाही, तरी वर्षानुवर्षे केलेल्या निरीक्षणांत धान्याचा चोथा भरपूर खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार कमी आढळतो. आता असे लोक बहुधा धूम्रपानही कमी करतात आणि व्यायाम अधिक करतात, तेव्हा श्रेय नेमके कशाला द्यायचे? १९८९ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २,०३३ पुरुषांपैकी काहींना धान्याचा चोथा वाढवायला सांगितले होते; दोन वर्षांत त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण कमी झाले नाही. अर्थात, आजार झाल्यावर दोन वर्षे खाणे वेगळे आणि लहानपणापासून खात राहणे वेगळे.

उलट बाजूला २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला मोठा आढावा आहे. त्यात १८५ निरीक्षणात्मक अभ्यास आणि ५८ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. सर्वांत कमी चोथा खाणाऱ्यांच्या तुलनेत सर्वांत जास्त खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह आणि आतड्याचा कर्करोग यांचे प्रमाण १५ ते ३० टक्के कमी होते, आणि दिवसाला २५ ते २९ ग्रॅम चोथा खाणाऱ्यांना लाभ सर्वाधिक दिसला. चाचण्यांतही वजन, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल उतरले होते. निरीक्षण आणि चाचणी या दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात, म्हणून मला हा निष्कर्ष भरवशाचा वाटतो.

जागतिक आरोग्य संघटना १० वर्षांपुढच्या सर्वांना दिवसाला किमान २५ ग्रॅम चोथा सुचवते, म्हणजे तुझे आणि माझे माप एकच. ते गोळ्यांनी किंवा भुकटीने भरून काढण्यापेक्षा अख्खी धान्ये, कडधान्ये, भाज्या आणि फळे यांतून मिळालेले बरे, कारण वेगवेगळ्या जिवाणूंना वेगवेगळ्या प्रकारचा चोथा लागतो. मात्र एका दिवसात एकदम वाढवू नकोस. आंबवण्याच्या क्रियेत वायू तयार होतो, पोट फुगते. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवत ने आणि पाणीही त्या प्रमाणात जास्त पी.

तुझी,
आई